पाटीच्या सात ओळी

चुनकळी भिजवायला फार अक्कल लागत नाही. डरमात खडे टाकायचे, वरून तांब्याभर पाणी दाखवायचं, लांब होऊन एक बिडी ओढायची, मग दुसरा तांब्या. बिडीभर थांबता आलं की झालं. केसरीनाथ बिडी ओढत नव्हता, आणि थांबणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. जेवताना त्याचा एक पाय चपलेत असायचा. झोपेतसुद्धा उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा हलायचा.

दापोड्यात त्या वर्षी निम्म्या घरांनी दिवाळीला दुकानातला रंग आणला होता. केसरीनाथची बायको बेबी पंधरा दिवस तेच म्हणत होती.

"आक्का, डिस्टेंपर आनू. दोन दिवसांत घर होतंय."

"घराला चुनाच," आक्का म्हणाली. "चुन्यानं भिंत थंड राहते. तुमच्या डिस्टेंपराचा वास मारतो."

आक्का म्हणजे बेबीची सासू. सगळा गाव तिला आक्काच म्हणायचा. त्या घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. पहिलाही तिचाच असायचा, मधल्या वेळात बाकीच्यांनी बोलून घ्यायचं.

तर दिवाळीच्या पाच दिवस आधी, गुरुवारी सकाळी, अंगणात डरम ठेवलं. दहा वाजता केसरीनाथला गोडाऊनवर टेम्पो लावायचा होता. त्याची एक भिंत आदल्या दिवशीच्या चुन्यानं मारून झाली होती. उरलेल्यासाठी त्यानं खडे ओतले आणि अख्खी बादली एकदम उपडी केली. वर पुन्हा वाकून बघितलं, झालं की नाही ते.

डरम फसफसलं, गुरगुरलं आणि थुंकलं.

"आई गं!"

बेबी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं बघितलं तेव्हा नवरा उजवा डोळा दाबून अंगणात गोल फिरत होता, पांढऱ्या बोटांनी तोच डोळा आणखी चोळत होता. ती पळाली. तुळशीजवळ भरलेली कळशी होती, ती तिनं उचलली.

"हात काढा, तोंड वर करा!"

"पानी नको!" आक्का चुलीपासून ओरडत आली. "पानी नको गो, मेलंस काय? डरम बग, पानी पडलं नि कसं उकललं! डोल्यात उकलंल त्याच्या!"

"आक्का, धुवाया तरी..."

आक्कानं कळशीवर असा हात मारला की ती बेबीच्या हातातून सुटून तुळशीच्या कठड्यावर आपटली. पाणी सगळं अंगणभर झालं. कळशीला पोचा आला.

डरम खरोखरच समोर रटरटत होतं. बेबीनं त्याच्याकडे बघितलं आणि हात खाली घेतले. आक्कानं केसरीनाथला खाली बसवलं, डोकं मांडीत घेतलं आणि उघड्या डोळ्यात खोबरेल तेल ओतलं, एक वाटी.

रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. भिवंडीच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत आणखी पंचवीस. अंजूरफाट्याच्या पुढं केसरीनाथ म्हणाला, "आथा आग कमी झाली. उतरला चुना." बेबीला बरं वाटलं. बरं वाटायचं काही कारण नव्हतं, हे तिला अर्ध्या तासानं कळलं.

डोळ्यांचा दवाखाना निजामपुऱ्याच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर होता. खालच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटानं जिना थरथरायचा. डॉक्टरबाईंनी नाव-गाव काही विचारलं नाही. सलाईनची बाटली वर टांगली, नळी डोळ्यावर धरली आणि अर्धा तास धुतलं. पापणी उलटी करून कापसानं पांढरे कण काढले. केसरीनाथच्या टाचा टेबलावर आपटत होत्या. बेबीनं त्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

"घरी पाणी मारलं होतं?" बाईंनी विचारलं.

"तेल घातलं," केसरीनाथ म्हणाला.

"तेल कशाला?"

"चुना पान्यानं उकलतो ना, मॅडम."

बाईंचा हात थांबला. "कोरडा खडा उकळतो. तुमच्या डोळ्यात उडाला तो भिजलेलाच होता. दोन कळशा पाणी तिथल्या तिथं मारलं असतं तर..." त्यांनी नळी पुन्हा धरली. बेबीनं मात्र ते वाक्य मनात पुरं केलं.

मग त्यांनी डावा डोळा तपासायला घेतला. समोर भिंतीवर पाटी होती, वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. "दिसेल तेवढं वाचा."

केसरीनाथनं श्वासही घेतला नाही. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड..." सातही ओळी त्यानं टेम्पो उतारावर सोडल्यासारख्या सोडल्या.

"डावा उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "नशीबवान आहात. उजव्याचं आता सांगता येणार नाही. दर तासाला थेंब. ही काचेची कांडी रोज पापणीच्या आतून फिरवायची, नाहीतर पापणी बुबुळाला चिकटेल. धूळ नको, भात झोडायला नको, गाडी नको. अकरा दिवसांनी या."

घरी आल्यावर केसरीनाथनं ओसरीवरूनच सांगितलं, "आक्का, डॉक्टरीन म्हनते पानी मारायला पायजे होतं."

आक्का कोलंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"पानी होतं कुठं? नलाला पानी न्हवतं."

बेबीनं तुळशीकडं बघितलं. पोचा आलेली कळशी अजून तिथंच आडवी होती. तिनं ती उचलली, घासली आणि फडताळात पोच्याची बाजू भिंतीकडं करून ठेवली.

पहिल्या सहा दिवसांत बघायला अकरा माणसं आली. चार जणांनी केळी आणली, सहा जणांनी नारळ, आणि रामनाथमामा आले ते जेवूनच गेले. आलेल्या प्रत्येकानं विचारलं, पाणी नाही का मारलं? आणि अकराही वेळा आक्कानं नळ कोरडा पाडला. तिसऱ्या पाहुण्यापासून नळाबरोबर विहिरीचा पंपही बिघडला. आठव्याला तर टँकरही आला नव्हता. बेबी चहा आणून ठेवायची, कप गोळा करायची. केसरीनाथ एक डोळा पट्टीखाली आणि दुसरा छताकडं लावून बसायचा.

बसायचा म्हणजे बसवावा लागायचा. पाच मिनिटं झाली की उठून अंगणात, अंगणातून टेम्पोकडं. टेम्पो स्वतःचा होता. मागचा जमिनीचा तुकडा गोडाऊनला गेला तेव्हा घेतलेला. त्याच्यात चढून बसायचा, स्टेअरिंग धरायचा, हॉर्न वाजवायचा. दहावीतली करिष्मा घरात अभ्यास करता करता ओरडायची, "बाबा, खाली उतरा! मम्मीला सांगीन!"

"टायरची हवा बगतोय."

"हवा आत बसून बघतात?"

शेत मात्र थांबणार नव्हतं. उरलेला एकच तुकडा, तिन्ही बाजूंनी गोडाऊनच्या पत्र्याच्या भिंती आणि मधे पिवळं पडलेलं भात. बेबीनं नवऱ्याचं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं. पट्टा सैल पडत होता, त्याला दोरा गुंडाळला. डोंगराकडच्या पाड्यावरून देवकी आणि बाबू हे नवरा-बायको कापणीला आले होते. त्यांच्याबरोबर ती विळा चालवायची आणि तास भरत आला की विळा बांधावर टाकून घराकडं पळायची. हात धुवायचे, पापणी ओढायची, थेंब टाकायचा, पुन्हा पळायचं. दहा मिनिटं जायला, दहा यायला.

"वैनी," देवकी म्हणाली, "तू कापतंस कमी नि पलतंस जास्त. तुज्यापरीस तो डोलाच शेतात आनून ठेव."

"आनते उद्या. तुज्या टोपलीत बसवू."

आक्का घरातच होती. थेंब तिला टाकता आले असते. पहिल्या दिवशीच ती म्हणाली होती, "माजा हात कापतो गो." तोच हात चिंबोऱ्यांच्या नांग्या मोडताना, सुईत दोरा ओवताना अजिबात कापत नव्हता. बेबीनं हे बघितलं होतं.  थेंबाची बाटली दिसली की आक्का उठून दुसऱ्या खोलीत जायची.

दिवाळी त्या घरात अशी आली की एक भिंत पांढरी आणि तीन काळपट. आक्कानं पांढऱ्या भिंतीजवळ पणती लावली आणि बाकीच्या घराकडं पाठ करून बसली.

सातव्या दिवशी आभाळ भरून आलं. ऐन कापलेल्या भातावर. बाबू वर बघून म्हणाला, "आज न्हाय सोडत ह्यो." सगळे पेंढ्या बांधायला लागले. बेबीची थेंबाची वेळ झाली होती. ती चिखलाचे पाय घेऊन तशीच पळत आली. चपला बांधावर राहिल्या होत्या, त्यामुळं आवाज झाला नाही.

केसरीनाथ ओसरीवर बसला होता. डावा उघडा डोळा सरळ तिच्यावर. ती पाच पावलांवर उभी, हातात विळा, डोक्याला टॉवेल.

"कोन, देवकी?" तो म्हणाला.

बेबी एक पाऊल पुढं आली.

"कोन हाय?" त्यानं मान थोडी वाकडी केली, कोंबडा करतो तशी. "कोन हाय रे?"

"मी," ती म्हणाली.

"हा, म्हंजे तूच. मी मस्करी करत होतो."

तिनं थेंब टाकला. तो पहिल्यांदाच गालावर गेला. दुसरा टाकला. मग ती खळ्यावर आली. आक्का तिथं पेंढ्यांची रास ताडपत्रीखाली ढकलत होती. बेबीनं ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

"आक्का, यांचा डावा डोला कसा हाय?"

"कसा म्हंजे? डोल्यासारखा."

"मी समोर उभी होते. अठरा वर्सांची बायको ओलखली न्हाय."

वारा सुटला, ताडपत्री फुगली. आक्का तिच्यावर गुडघ्यानं बसली. बोलली ती दगड ठेवता ठेवता, प्रत्येक दगडागणिक थोडं.

"चार वर्सांचा होता. गोवर आला. मी कापनीला गेलते, असंच भात पडलं होतं. तापात डोला उघडेना. जरा दिसतं त्याला, सावलीसारखं. धर तिकडनं, उडंल."

"आनि लायसन?"

"पाटी पाठ केली त्यानं. शालेतला मास्तर हाताशी धरून, आठ दिवस. कवा तरी डोला झाकून वाचायला लावतात म्हनून. पाटी सगलीकडं तीच असते."

"मना कोनी सांगितलं न्हाय."

"तुना सांगितलं असतं तर तू लगीन केलं असतंस?"

 तेवढ्यात पाऊस धाडकन आला, आणि दोघी ताडपत्रीवर आडव्या पडून राहिल्या, पेंढ्यांना अंगाखाली धरून. म्हणजे दवाखान्यात त्या दिवशी सात ओळी वाचल्या त्या डोळ्यानं नव्हत्याच. डावा हा डोळाच नव्हता. जो काय होता तो उजवाच, आणि त्यावर तेल ओतलं होतं.

नवव्या दिवशी चुलतभाऊ काळूराम आला. त्याचाही टेम्पो होता. त्यानं आणलेली केळी सगळ्यांच्यापेक्षा मोठी होती.

"गोडाऊनचा मॅनेजर विचारत होता रे, केसरी. नाशिकची लाईन बंद पडलीय. मी म्हनलं, तवर फेऱ्या मी मारतो, भाऊ बरा झाला की त्याची त्याला."

"सोमवारी मी येतोय."

"ये की. फक्त तो म्हनतो, डॉक्टरची चिठ्ठी पायजे. डोल्याचं हाय ना. न्हायतर काय, लाईन मी सांभालतो, तू आराम कर." काळूरामनं टेम्पोभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली. "हवा मस्त हाय."

तो गेल्यावर केसरीनाथ अंगणात चाळीस वेळा तरी गेला-आला. ओठ हलत होते. करिष्मा आईला म्हणाली, "बाबा कसला मंत्र म्हणतात गं? ई, एफ, पी, टी, ओ, झेड..."

"म्हनू दे," बेबी म्हणाली. तिनं काचेची कांडी उकळत्या पाण्यातून काढली.

सोमवारी तिघं निघाली. आक्का येते म्हणाली, कोणी बोलावलं नसताना. रिक्षात केसरीनाथ मधे बसला आणि दोघींच्या गुडघ्यांवर त्याचे पाय नाचत राहिले. आक्का दवाखान्याच्या बाकावर बाहेरच बसली. बेबी आत गेली.

डॉक्टरबाईंनी पट्टी काढली, निळा दिवा लावून बघितलं, पापणी वर केली, खाली केली. "कांडी कोण फिरवत होतं?"

"मी," बेबी म्हणाली.

"चांगली फिरवलीत. चिकटलं नाही कुठं. आता बघू, किती दिसतं." त्यांनी डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. "वाचा."

केसरीनाथ खुर्चीत पुढं सरकला. उजवा डोळा लाल, पाण्यानं भरलेला. त्यानं पाटीकडं बघितलं आणि सुरू झाला. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी..." कुठं अडलं नाही, कुठं बारीक डोळा केला नाही. शेवटच्या ओळीला तर आवाज चढला.

बाई हसल्या. "अरे वा! मला इतकी आशा नव्हती." त्यांनी पॅड ओढलं. "चिठ्ठी हवी म्हणालात ना, गाडीसाठी?"

"होय मॅडम. आजच्या तारखेची."

पेन कागदाला टेकलं. खाली लूम खडखडत होते, टेबलावरची थेंबांची बाटली बारीक थरथरत होती. बेबीनं तिच्याकडं बघितलं. मग नवऱ्याच्या टाचांकडं. त्या हलत नव्हत्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा हा माणूस स्थिर बसला होता.

तिच्या हातात काही नव्हतं, पण बोटं कळशीचा काठ धरल्यासारखी वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "पाटी बदला."

"काय?"

"ही त्यांना पाठ हाय. दुसरी लावा."

केसरीनाथनं वळून बघितलं. त्या नजरेत काय होतं ते बेबीला चांगलं दिसलं, त्याला तिचं तोंड दिसलं असेल की नाही, सांगता येत नव्हतं.

बाईंनी पॅड बाजूला ठेवलं. उठून भिंतीवरची पाटी उलटी केली. मागं मराठी अक्षरं होती.

"वाचा."

बराच वेळ गेला. "ग," तो म्हणाला. मग, "प, म." मग मान पुढं काढून, कपाळाला घाम आणून, तिसऱ्या ओळीतली तीन अक्षरं, एकेक, खिशातून काढून द्यावीत तशी. चौथ्या ओळीवर तो थांबला. पाय हलायला लागले.

"तीन," बाई म्हणाल्या. पुठ्ठा त्यांनी उजव्या डोळ्यावर धरला. डाव्यानं पहिलं अक्षरसुद्धा आलं नाही.

बाईंनी पुठ्ठा खाली ठेवला. "हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. तीन ओळी चुन्याच्या डोळ्याला कमी नाहीत. अजून सुधारेल. तीन महिने औषध चालू. पण आज मी चिठ्ठी दिली असती ना, तर तुम्ही हायवेवर..."

"मॅडम, माजी लाईन जाईल."

"जाईल," बाई म्हणाल्या.

तो उठला आणि बेबीच्या अंगावरून पुढं गेला. दारातून बाहेर पडताना त्याचा डावा खांदा चौकटीला लागला. "माज्या पोटावर पाय दिलास," तो न वळता म्हणाला आणि जिना उतरून खाली रस्त्यावर गेला, कठडा धरून, एकेक पायरी.

बेबी औषधांचा कागद घेऊन मागून आली. बाहेरच्या बाकावर आक्काच्या शेजारी बुरख्यातली एक म्हातारी बसली होती, डोळ्याला हिरवी पट्टी. ती आक्काशी बोलत होती. बेबी दाराशीच थांबली.

"बेटे को क्या हुआ था?"

"चुना गया. आँख में."

"हाय अल्ला. पानी नहीं डाला?"

आक्कानं पदर तोंडावरून फिरवला. बेबीनं आत दारातच डोळे मिटले. बारावा नळ ऐकायची तिची तयारी होती.

"पानी था," आक्का म्हणाली. "बहू के हाथ में था. भरी कलशी. मैंने गिराया."

  दोघी समोरच्या भिंतीकडं बघत बसल्या, खालच्या लूमच्या हादऱ्यात एकाच लयीत हलत.

बेबी पुढं आली. आक्कानं तिला बघितलं. ऐकलं का, असं विचारलं नाही.

"काय म्हनाली डॉक्टरीन?"

"तीन ओली दिसतात."

"असतात किती?"

"सात."

आक्का ते हिशेबात घालत राहिली. "डाव्याचं कललं तिला?"

"मी सांगितलं."

"बरं केलंस," आक्का म्हणाली. मग थोड्या वेळानं, "खाली गेला तो. रागात रस्ता ओलांडंल."

बेबीनं मनगटावरचं दोरा गुंडाळलेलं घड्याळ बघितलं. तास भरला होता. तिनं पिशवीतून थेंबाची बाटली काढली आणि आक्काच्या हातावर ठेवली.

आक्कानं हाताकडं बघितलं. हात कापत होता, आता खरोखरच. तिनं मूठ मिटली, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि जिन्याकडं निघाली.

"केसरी!" तिनं वरूनच हाक मारली. "थांब रे. हालू नको तिथनं. येते मी."